"सिस्टर, मला लघवीला लागलीय": सर्जन आणि भूलतज्ज्ञांना एका सिस्टरचं खुलं पत्र

राज्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांतल्या सर्व सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केलेली, आता निवृत्त झालेली सिस्टर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी इंटर्न असताना पहिली नळी माझ्यासारख्याच कुणा सिस्टरच्या देखरेखीखाली घातली असेल. त्या हक्कानं लिहिते.

ऑपरेशननंतर लघवीच्या नळीनं पेशंटला जो त्रास होतो, त्याबद्दल हे पत्र आहे. राउंडला तुम्ही टाक्यांचं विचारता, तापाचा कागद बघता, गॅस सरला का विचारता, पाणी कधी सुरू करायचं ते सांगता. नळीकडे नजर जाते ती पिशवीत किती एमएल जमली एवढ्यापुरती. ज्याच्या अंगात ती नळी आहे त्याला तिचं काय होतंय, हा प्रश्न राउंडला मी फार क्वचित ऐकला. मग त्याचं उत्तर आम्हालाच द्यावं लागतं, आणि आमचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं आहे.

पेशंट म्हणतो, "सिस्टर, मला लघवीला लागलीय."

सिस्टर म्हणते, "आजोबा, नळी लावलीये तुम्हाला. आपोआप होतीये. ती बघा पिशवी."

"अगं पोरी, पण मला लागलीय!"

"काही नाही लागलेली. झोपा बघू."

थोड्या वेळानं आजोबा उठून बसायला बघतात. सलाइन ओढलं जातं. मुलगा खांदे दाबून धरतो, "अप्पा, असं काय करताय, लोक बघतायत." शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक माना वळवतात. शेवटी वॉर्डातल्या मामांना हाक जाते, मनगटं बँडेजनं कॉटला बांधली जातात, आणि रात्रीच्या रिपोर्टमध्ये ओळ पडते, 'पेशंट इरिटेबल, नॉट कोऑपरेटिव्ह'.

आजोबांना खरंच लागलेली असते. नळी मूत्राशयात गेली की टोकाजवळचा फुगा पाणी भरून फुगवतात, म्हणजे ती निसटत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तो फुगा येऊन टेकतो तो मूत्राशयाच्या तळाशी, ट्रायगोनवर, आणि सगळ्यात तीव्र जाणीव नेमकी तिथंच. फुगा टेकलाय की लघवी भरलीय, हे तिथल्या मज्जातंतूंना वेगळं कळत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते ओळखणाऱ्या स्नायूवरच्या मस्करिनिक रिसेप्टरना जाऊन लागतं आणि मूत्राशय आवळायला लागतं. घशात माशाचा काटा अडकला की माणूस आवंढ्यामागून आवंढा गिळत राहतो, तसं मूत्राशय त्या फुग्याला ढकलत राहतं. पिशवी भरतेय, मूत्राशय जवळपास रिकामं आहे, आणि तरी आता धरवणार नाही असं वाटतंय. ओटीपोटात कळ येते, लघवीच्या वाटेत आग होते, कधी नळीच्या बाजूनं लघवी झिरपून चादर ओली होते. तुमच्या पुस्तकांत याला कॅथेटर-रिलेटेड ब्लॅडर डिसकम्फर्ट असं नाव आहे, थोडक्यात सीआरबीडी. शुद्धीत असताना नळी घातलेल्या माणसाला निदान काय चाललंय ते ठाऊक असतं. भुलीत घातली, तर माणूस जागा होतो तोच या कळेत, आणि आधी त्याला कुणी काही बोललेलं नसतं.

जरा विषयांतर करते. आपण ज्यांच्या नावानं ही नळी मागवतो ते फ्रेडरिक फोले अमेरिकेतल्या मिनेसोटाचे युरोसर्जन. १९३७ साली त्यांनी फुग्याच्या नळीवर लेख लिहिला तो रक्तस्राव थांबवण्याची नळी म्हणून. प्रोस्टेट काढल्यावर रक्त थांबावं यासाठी फुग्यानं दाबून बसावं, हा तिचा उपयोग. पेटंट दुसऱ्याच कुणाला मिळालं, नाव मात्र फोलेंचं राहिलं. पुढे तीच नळी आतड्याच्या, खुब्याच्या, सिझेरियनच्या पेशंटलाही लागू झाली. दाबण्यासाठी केलेली वस्तू ज्याच्या त्याच्या मूत्राशयात ठेवल्यावर ती तिथंही दाबणारच. त्यात पेशंटच्या स्वभावाचा काय दोष?

या त्रासावरचं फार महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालंय. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतले भूलतज्ज्ञ अनिल अग्रवाल आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली मूत्राशयाचं आवळणं कमी करणाऱ्या टोल्टेरोडिन या औषधाचा अभ्यास छापला. काही पेशंटना ऑपरेशनच्या आधी ती गोळी दिली, काहींना नुसती दिसायला गोळी, आणि कुणाला काय मिळालंय हे ना पेशंटला माहीत ना विचारणाऱ्याला. खरी गोळी मिळालेल्यांना नळीचा त्रास कमी झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच गटानं ऑक्सिब्युटिनिन, केटामिन, गॅबापेन्टिन, ट्रॅमाडॉल अशी एकेक औषधं याच त्रासासाठी तपासली. तेव्हापासून कोरिया, तुर्कस्तान, कुठकुठल्या देशांतल्या भूलतज्ज्ञांनी हा धागा पुढे नेलाय. लखनौहून निघालेली ही गोष्ट जगभर फिरली आणि आपल्या तालुक्याच्या गावातल्या ऑपरेशन थिएटरात मात्र पोचली नाही, याचं मला नवल वाटतं.

मला त्या गोळ्यांपेक्षाही मोलाची वाटते ती त्यांनी वापरलेली प्रतवारी. सौम्य त्रास म्हणजे विचारलं तरच पेशंट सांगतो. मध्यम म्हणजे न विचारता आपणहून सांगतो, पण शांत पडून असतो. तीव्र म्हणजे मोठ्यानं ओरडतो, हातपाय झाडतो, नळी उपसायला बघतो. आता ही प्रतवारी घेऊन आपल्या कुठल्याही वॉर्डात या. सौम्य त्रास विचारल्याशिवाय कळायचा नाही आणि विचारत तर कुणीच नाही, म्हणजे कागदावर तो त्रास नाहीच. मध्यमवाल्याला 'नळी आहे ना, झोपा'. उरला तिसरा. त्याची नोंद होते, पण त्रास म्हणून होत नाही, वाईट वागणूक म्हणून होते. वेगवेगळ्या अभ्यासांत हा त्रास होणाऱ्यांचं प्रमाण ४७ पासून ९० टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. ऑपरेशननंतरच्या एखाद्या गुंतागुंतीचं प्रमाण इतकं असतं तर तुम्ही तिच्यावर कॉन्फरन्स भरवली असती.

नळीचं नाव काढलं की तुमच्याकडून उत्तर येतं ते इन्फेक्शनचं. ते महत्त्वाचं आहेच. नळी जितके दिवस राहील तितकं लघवीत जंतू होण्याची शक्यता रोज काही टक्क्यांनी वाढते. पण अमेरिकेत २०१८ साली छापलेला एक मोठा अभ्यास आहे. नळी लावलेल्या दोन हजारांहून जास्त पेशंटना नंतर महिनाभरात विचारलं. निम्म्याहून जास्त जणांनी काही ना काही त्रास सांगितला. इन्फेक्शनसारखा त्रास सांगणारे होते दहातले साधारण एक. कळ, सारखी लागल्याची भावना, रक्त, हालचालीची अडचण असे बाकीचे त्रास सांगणारे त्यांच्या पाचपट. आपण मोजतो ते इन्फेक्शन, पेशंट भोगतो ते हे बाकीचं.

बायकांचं अजून वेगळं. हा त्रास पुरुषांत जास्त दिसतो असं अभ्यास सांगतात आणि त्यांची मूत्रमार्गाची लांबी पाहता ते पटतंही. पण आपल्याकडे बाईनं सांगितलं तर ना! सिझेरियन झालेली पोर, शेजारी सासू, समोर तिच्याच वयाचा रेसिडेंट, पडद्याची एक कडी तुटलेली. ती काय सांगणार? "खाली कसंतरीच होतंय" एवढं म्हणाली तरी खूप. त्याचा अर्थ टाके दुखतात असा घेतला जातो आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं जातं. पिशवी पदराखाली झाकून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कुणी भेटायला आलं की पाय आखडून घेतात, नळी मांडीखाली दबते, लघवी अडते, कळ वाढते. बाईला विचारायचं असेल तर माणसं बाहेर काढून, नळीचं नाव घेऊन विचारावं लागतं. "काही त्रास?" असं दारातून विचारलं तर ती "नाही" असंच म्हणणार.

माझी पहिली विनंती भूलतज्ज्ञांना आहे, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पीएसीला, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीला, पेशंट तुमच्यासमोर बसतो. दात हलतात का, दमा आहे का, आधी कधी भूल घेतली का, हे विचारताना अर्धा मिनिट अजून द्या. शब्द फार लागत नाहीत. "काका, जागे व्हाल तेव्हा लघवीच्या जागी नळी असेल. जोरात लघवीला लागल्यासारखं वाटेल. नळी बरोबर बसली असली तरी तसं वाटतं. कुंथू नका, उठू नका, नळीला हात लावू नका. आम्हाला सांगा, आम्ही औषध देऊ. बऱ्याच जणांचं काही तासांत कमी होतं." बस, एवढंच. माझा अनुभव असा की ज्याला हे आधी सांगितलेलं असतं तो रिकव्हरीत घाबरत नाही. कळ त्यालाही येते, पण आपल्याला काहीतरी भलतंच झालंय असं त्याला वाटत नाही, आणि तो कुंथत नाही. कुंथण्यानं कळ अजून वाढते, हे आमच्या नव्या पोरींनाही शिकवावं लागतं, कारण "करा, करा, होऊ दे" असं त्याच पेशंटला सांगतात.

आता नळीबद्दल. १४ नंबर हिरवी, १६ नारंगी, १८ लाल, २० पिवळी. नंबर तीननं भागला की जाडी मिलिमीटरमध्ये कळते. म्हणजे १८ नंबर ही सहा मिलिमीटरची नळी. १८ आणि त्याहून जाड नळी असेल तर हा त्रास होण्याची शक्यता जास्त, हे अभ्यासात दिसलेलं आहे. साध्या कामाला, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मूत्राशय रिकामं ठेवायला आणि लघवी मोजायला, १४ पुरते, पुरुषांना फार तर १६. पण स्टोअरमधून जे येतं ते वॉर्डात घातलं जातं. इंडेंटमध्ये, म्हणजे स्टोअरच्या मागणीपत्रात, नारंगी आणि लाल लिहिण्याची सवय पडलेली असते, मग पस्तीस किलोच्या म्हातारीलाही तीच. रक्ताच्या गाठी येणार असतील, प्रोस्टेटचं ऑपरेशन असेल तर जाड, तीन तोंडांची नळी लागते, त्याबद्दल मी बोलत नाहीये. बाकीच्यांसाठी हिरवी मागवा. तुमच्या सहीशिवाय स्टोअर ऐकत नाही.

फुग्यात किती पाणी भरायचं ते पाकिटावर छापलेलं असतं. साध्या नळीला १० एमएल पुरतं. 'निघू नये' म्हणून वीस-पंचवीस भरणारे हात मी पाहिलेत. फुगा जेवढा मोठा तेवढा तो तळावर जास्त टेकणार. आणि जेली. शुद्धीतल्या पेशंटला झायलोकेन जेली नळीच्या टोकाला चोपडून लगेच नळी आत ढकलली, तर ती फक्त बुळबुळीत करायच्या कामाची. बधिर व्हायला ती मूत्रमार्गात सोडावी लागते आणि वर तीन-चार मिनिटं थांबावं लागतं. वॉर्डात तीन-चार मिनिटं म्हणजे फार मोठा काळ, मला माहीत आहे. पण त्या वेळात दुसऱ्या कॉटचं बीपी घेऊन येता येतं.

सगळ्यात स्वस्त उपाय चिकटपट्टीचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त राहून जातो. नळी मांडीला, थोडी सैल ठेवून, पट्टीनं चिकटवायची, म्हणजे पिशवीचा भार फुग्यावर येत नाही. दोन लिटरची पिशवी भरली की तिचं वजन दोन किलो. ती नुसती लोंबत राहिली तर प्रत्येक कुशीला फुगा खाली ओढला जातो. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, वॉर्डात येतानाचा प्रवास तर विचारू नका. ट्रॉलीवरून कॉटवर घेताना "एक, दोन, तीन" म्हणून चौघं पेशंटला उचलतात आणि पिशवी ट्रॉलीच्या दांडीलाच अडकलेली राहते. नाहीतर दुसरं टोक: पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून अख्खी लिफ्ट पार करतात, आणि पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. हे काम आमचं आणि मामा-मावशींचं आहे, मान्य. पण ओटीतून निघतानाच नळी मांडीला चिकटवलेली असेल तर निम्मी लढाई तिथंच संपते, आणि तिथं ग्लोव्हज घातलेले हात तुमचे असतात.

औषधाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर हे पत्र उलटं अंगावर यायचं. लघवीला लागलीय म्हणणाऱ्या प्रत्येकाला कळच येतेय असं धरून चालत नाही. आधी पिशवी बघायची. लघवी येतेय का, किती वेळात किती आली, नळी कुठं दुमडलीय का, पेशंटच्या अंगाखाली आलीय का, रक्ताची गाठ अडकलीय का. ओटीपोटाला हात लावून बघायचा, फुगलंय का. पिशवी कोरडी आणि पोट फुगलेलं असेल तर पेशंट म्हणतोय ते अक्षरशः खरं आहे, नळी बंद आहे, आणि त्याला गोळी देऊन झोपवणं धोक्याचं. कधी फुगा मूत्राशयाऐवजी मूत्रमार्गातच फुगवलेला असतो. तिथली कळ साधी नसते आणि रक्तही येतं. थंडी वाजून ताप आला तर तो रस्ताच निराळा. हे सगळं नाही, पिशवीत स्वच्छ लघवी येतेय, पोट मऊ आहे, आणि तरी लागतेय, तेव्हा ती मूत्राशयाची कळ.

आता तिथं काय होतं ते सांगते. रात्रीचे अडीच वाजलेले असतात. चार्टवर दुखण्याचं औषध लिहिलेलं असतं, ते दिलं जातं. टाक्यांच्या दुखण्याला ते बरं, पण या कळेला बरीचशी दुखण्याची औषधं पुरी पडत नाहीत, कारण मूळ दुखणं स्नायूच्या आवळण्यात आहे. ट्रॅमाडॉल काही जणांना उपयोगी पडतं, वर उलट्याही करवतं. आवळणं सैल करणारं बुस्कोपॅन वॉर्डात असतं, पण चार्टवर नसतं, आणि चार्टवर नसलेलं औषध सिस्टर स्वतःहून देऊ शकत नाही, देऊही नये. मग रेसिडेंटला फोन. तो दोन रात्री झोपलेला नाही. तो म्हणतो, "सिस्टर, नळी आहे ना त्याला?" आणि संवाद पुन्हा पहिल्या ओळीवर येतो.

म्हणून दुसरी विनंती अशी, की नळी घालून ओटीबाहेर पाठवताना तुमच्या पोस्ट-ऑप ऑर्डरमध्ये एक ओळ या कळेसाठी असू द्या. कुठलं औषध, किती, किती वेळा, ते तुम्ही ठरवा. तो तुमचा अधिकार आहे आणि पेशंट पाहून बदलणारं आहे. टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन ही सगळी एकाच कुळातली. तोंड कोरडं पाडतात, पोट साफ होऊ देत नाहीत, काचबिंदूच्या काही पेशंटना चालत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, म्हणजे ज्याला शांत करायला दिली तोच अजून बरळायला लागायचा. नळी काढायच्या आधी ती बंद करायला हवीत, नाहीतर नळी निघाल्यावर लघवी तुंबते. ही सूचना ऑर्डरमध्ये लिहिलेली मी क्वचितच पाहिली. पॅरासिटामॉल साधं वाटतं, पण त्याचाही काही अभ्यासांत उपयोग दिसलाय. मिराबेग्रॉन हे निराळ्या वाटेनं काम करणारं औषध आता आपल्याकडेही मिळतं, म्हाताऱ्यांसाठी त्याचा विचार व्हावा. बद्धकोष्ठाकडेही बघा: भरलेलं मोठं आतडं शेजारच्या मूत्राशयाला त्रास देतं, आणि ऑपरेशननंतर चार दिवस पोट साफ न होणं तर आपण गृहीतच धरतो.

नळीच्या बाजूनं लघवी झिरपली की 'नळी बारीक पडली' असं म्हणून जाड नळी घालायची पद्धत आहे. ती कृपा करून थांबवा. नळी बंद नसेल तर बहुतेक वेळा ते झिरपणं कळेमुळे असतं. मूत्राशय एवढ्या जोरानं आवळतं की नळीतून जायच्या आधी लघवी बाजूनं बाहेर पडते. जाड नळीनं कळ वाढते, कळेनं झिरपणं वाढतं, मग अजून जाड नळी. हे चक्र मी हिरवीपासून पिवळीपर्यंत गेलेलं पाहिलंय.

हात बांधण्याबद्दल दोन शब्द. का बांधतात ते मला कळतं. फुगलेल्या फुग्यासकट नळी उपसली तर मूत्रमार्ग फाटतो, रक्ताचं थारोळं होतं, आणि पुढे वाट आकसते ती जन्माची डोकेदुखी. रात्री एक सिस्टर आणि कॉट भरलेल्या, शिवाय जमिनीवर गाद्या. ती तरी काय करणार? पण बांधलेल्या माणसाची कळ तशीच चालू असते. बांधण्याआधी तीन गोष्टी झाल्या का हे तुम्ही सकाळी विचारलंत, म्हणजे नळी चालू आहे का पाहिलं का, कळेचं औषध दिलं का, आणि नळी काढून टाकता येईल का हे कुणाला तरी विचारलं का, तर हात बांधण्याची वेळ पुष्कळ कमी येईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे. नळीच्या त्रासावर नळी काढणं यासारखं औषध नाही. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की ऑपरेशनसाठी नळी घातली असेल आणि ठेवायला ठोस कारण नसेल, तर ती लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी. सिझेरियनबद्दल तर ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या इरास सोसायटीच्या २०१९ च्या सूचना ऑपरेशन झाल्या झाल्याच काढा असं म्हणतात. आपल्याकडे पाठीतली स्पायनल भूल उतरेपर्यंत, बाळंतीण उठून चालेपर्यंत थांबावं लागतं, मुतारी वॉर्डाच्या त्या टोकाला असते, हे मला दिसतं. तरी 'उद्या बघू' म्हणत तिसऱ्या दिवसापर्यंत राहिलेल्या नळ्यांना यातलं कुठलंच कारण नसतं. त्या फक्त विसरलेल्या असतात.

विसरण्याचंही मोजमाप झालेलं आहे. २००० साली अमेरिकेतल्याच एका पाहणीत डॉक्टरांना त्यांच्या पेशंटची यादी दाखवून विचारलं, यातल्या कुणाला नळी आहे? नळी असलेल्या पेशंटच्या बाबतीत २८ टक्के वेळा डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हतं. इंटर्नचं अज्ञान २२ टक्के, वरिष्ठांचं ३८. तुम्ही हसाल, पण आमच्या सिस्टर रूममध्ये हे वाचून दाखवलं असतं तर कुणालाही नवल वाटलं नसतं. पिशवी कॉटच्या पलीकडच्या बाजूला असते आणि राउंड अलीकडून जातो.

आणि हेही कबूल, की नळी सिस्टरांनाही सोयीची पडते. पेशंट उठवायला नको, भांडं द्यायला नको, चादर बदलायला नको, आऊटपुट थेट पिशवीवर वाचता येतं. मनुष्यबळ जितकं कमी तितक्या नळ्या जास्त दिवस राहतात. म्हणून 'सिस्टरनं आठवण करावी' एवढ्यावर हे सोपवू नका. ओटीतच पिशवीवर मार्करनं घातल्याची तारीख लिहा आणि चार्टवर काढायची वेळ. ती वेळ झाली आणि मधे कुणी 'ठेवा' असं कारणासकट लिहिलं नसेल, तर सिस्टरनं नळी काढावी, पुन्हा विचारायची गरज नाही, असा लेखी नियम तुमच्या विभागानं करावा. मूत्राशयाला टाके असतील, युरोलॉजीचा पेशंट असेल, अत्यवस्थ असून तासातासाची लघवी मोजायची असेल, तिथं अर्थात नळी राहील.

अजून एक जुनी सवय. काढायच्या आधी नळीला चिमटा लावून दोन-दोन तासांनी सोडायचा, 'मूत्राशयाला सवय होऊ दे' म्हणून. आम्हालाही ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं. थोड्या दिवसांच्या नळीसाठी त्याचा फायदा अभ्यासांत दिसत नाही. ज्याला आधीच कळा येतायत त्याच्या नळीला चिमटा लावणं म्हणजे काय, हे एकदा चिमट्याच्या त्या दोन तासांत त्याच्या कॉटशेजारी बसून बघा.

शेवटी घरी नळीसकट जाणाऱ्यांबद्दल. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले, ऑपरेशनच्या नंबराची वाट बघणारे, अर्धांगवायू झालेले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते आणि नळीबद्दल 'कॅथेटर केअर' असे दोन शब्द. सून ते कार्ड उलटसुलट करून बघते. तिला सांगायला हवं की पिशवी कुठं टांगायची, मांडीला पट्टी कशी लावायची, रोज साबणपाण्यानं कसं धुवायचं, पाणी भरपूर प्यायला द्यायचं, पोट साफ ठेवायचं. मधून मधून लागल्यासारखं होईल, बाजूनं थोडं झिरपेल, त्याला घाबरायचं नाही. पण पिशवीत लघवी यायची थांबली, पोट फुगलं, गाठी आल्या किंवा थंडीताप आला तर त्याच दिवशी यायचं. नळी लॅटेक्सची आहे की सिलिकॉनची, आणि ती बदलायची तारीख कुठली, हे कार्डावर मराठीत लिहा. आणि ती तारीख आली की तिला कुठल्या ओपीडीत, कुठल्या वारी, किती वाजता यायचं तेही लिहा, कारण नळी बदलायला आलेला माणूस केस पेपरच्या रांगेत उभा राहतो, मग सर्जरीच्या, मग तिथून युरोलॉजीच्या, आणि त्या विभागाचा वार बुधवार असतो.

यातलं काही चुकीचं वाटलं तर जरूर कळवा. कुणा विभागाला आपल्या सिस्टर आणि रेसिडेंटसाठी यावर तासभर बोलायला माणूस हवा असेल, तर मी येईन. मानधन नको, फक्त दुपारच्या राउंडनंतरची वेळ ठेवा, तेव्हाच वॉर्डातल्या पोरींना बसायला मिळतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर